आठ महिने सेफ्टी रेझरचे: रक्त, आटे आणि एक डबा

यूज अँड थ्रो रेझर सोडून धातूचा सेफ्टी रेझर, म्हणजे ज्यात फक्त ब्लेड बदलायचं तो, हातात घेतला, त्याला आठ महिने झाले. पहिल्या पंधरवड्यातच लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून थांबलो.

पहिल्याच दाढीला हनुवटीवर दोन आणि गळ्याच्या घाटीवर एक, अशा तीन चिरा पडल्या. रेझरचा दोष नव्हता. प्लास्टिकच्या रेझरमुळे दाबून ओढायची खोड लागली होती, ती इथे चालत नाही. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं, आपण फक्त ब्लेड त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचं. उलटा हात तर महिनाभर विसरायचा. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी खुंट कापल्याचा खर्रर्र आवाज एकसारखा यायला लागला आणि तुरटीचा खडा कोपऱ्यात गेला.

पूर्वी आठवड्याला एक रेझर जायचा. त्यात निकामी व्हायची ती फक्त धार, पण तिच्यापायी दांडी, रबराची पकड, ती बुळबुळीत पट्टी, सगळी वरात कचऱ्यात. एकदा पक्कड घेऊन त्यातलं स्टील वेगळं करायला बसलो. एक पातं निघालं, दुसरं वाकलं, बोट थोडक्यात वाचलं. प्लास्टिकमध्ये असं घट्ट बसवलेलं पातं सोडवत बसायला वेळ कोणाला आहे?

गंमत म्हणजे फेकून देण्याची ही कल्पना सेफ्टी रेझरच्याच घरातली. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता. लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध, हा सल्ला त्याला बूच शोधणाऱ्या विल्यम पेंटरनेच दिला होता. रेझर १९०३ मध्ये विक्रीला आला, पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पण जिलेट टाकायला सांगत होता ते फक्त पातं. अख्खा रेझरच टाकायचा, हे १९७५ मध्ये बिक या फ्रेंच कंपनीने बाजारात आणलं. म्हणजे कचरा कमी करायला मी फेकाफेकीच्या आजोबालाच घरी आणलंय.

आता तक्रारी. माझा पहिला रेझर जस्ताच्या मिश्रधातूचा होता, वरून चकचकीत मुलामा. दुसऱ्याच महिन्यात जरा जास्त आवळला आणि वरच्या टोपीचा आट्यांचा खुंटा कट्कन तुटून दांडीतच अडकला. चिमट्याने काढला. नशीब एवढंच की बऱ्याच रेझरांचे आटे एकाच मापाचे असतात. स्टेनलेस स्टीलचं नुसतं डोकं घेतलं, जुन्याच दांडीवर बसवलं, आजतागायत चालू आहे. घेणाऱ्याने आधी धातू विचारावा, चकाकी नंतर बघावी. विमानात ही सुटी ब्लेडं हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत, ही दुसरी कटकट. दोनदा दाढी वाढवून फिरलो.

एका ब्लेडवर माझ्या पाच दाढ्या होतात. केसासारख्या मऊ गोष्टीने स्टील बोथट कसं होतं, हे कोडं मला होतंच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की केस तिरका आला आणि धारेतला तेवढा भाग आधीच कच्चा असला, तर धारेचा बारीक टवका उडतो. केस त्या स्टीलपेक्षा जवळजवळ ५० पट मऊ असूनही! म्हणून मी खुंट आधी कोमट पाण्याने चांगले भिजवतो. याने ब्लेड जास्त टिकतं की नाही हे छातीठोक सांगणार नाही, दाढी मात्र सुखाची होते. ब्रश आणि साबणाची वडी आल्यापासून फेसाचे डबेही बंद झाले, हा वरकड फायदा.

राहिली वापरलेली ब्लेडं. सुरुवातीला कागदात गुंडाळून टोपलीत टाकत होतो. मग कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांची बोटं डोळ्यांसमोर आली आणि लाज वाटली. पत्र्याच्या एका डब्याचं झाकण चिकटवून बंद केलं, वर फट पाडली. आजवरची पंचवीसेक ब्लेडं त्यात आहेत. एकेक ग्रॅमभरही भरत नाही, सगळी मिळून १५ ग्रॅमच्या आसपास. डबा हलवला की नुसता खुळखुळतो, तळ झाकण्यापुरतीही ब्लेडं झालेली नाहीत. भरला की तसाच्या तसा भंगारात देणार आहे, पण या वेगाने त्याला बरीच वर्षं जातील.