मिरर डिंगी: लाकडी शिडाची होडी घ्यायची असेल तर

सेकंडहँड मिरर डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, घ्यावी का असं इथले, इंग्लंडमधले, ओळखीचे बरेच जण विचारतात, कारण लाल शिडाचा फोटो बघितला की सगळ्यांनाच ती होडी हवीशी वाटते. माझं उत्तर ठरलेलं आहे, होडीला पावसापासून झाकून ठेवायची सोय असेल तर जरूर घ्या, आणि ती सोय नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. फुकट हे उगाच म्हणत नाहीये, इंग्लंडमधे जुन्या मिरर खरंच फुकट किंवा शेदोनशे पौंडात मिळतात, कुणाची मुलं मोठी झाली, गॅरेज रिकामं करायचंय, घेऊन जा म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिरर ही ३.३ मीटर लांबीची, म्हणजे जेमतेम अकरा फुटी, प्लायवूडची होडी, नुसत्या सांगाड्याचं वजन साधारण ४५ किलो. १९६३ मधे डेली मिरर या पेपरने ती बाजारात आणली, शिडं लाल आहेत ती त्या पेपरच्याच रंगाची. डिझाईन जॅक होल्टचं, आणि त्याच्या जोडीला बॅरी बकनेल, जो टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवायचा. होडी किटमधे यायची, किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग, साध्या पगारदार माणसाला परवडावी असाच हिशोब. कापलेल्या फळ्यांच्या कडांना भोकं, त्यातून तांब्याची तार ओवून फळ्या अक्षरशः शिवायच्या, मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. ना मोठं वर्कशॉप लागायचं ना अनुभवी सुतार. अशा ७०,००० हून जास्त होड्या बनल्या, आणि त्यातल्या कितीतरी लोकांनी घरच्या गॅरेजमधे बनवल्या. मला या होडीतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं, कारण जी गोष्ट साध्या माणसाने घरी बनवली ती साधा माणूस घरी दुरुस्तही करू शकतो.

आता चालवायला कशी आहे ते सांगते. आम्ही चिचेस्टर हार्बरला नेतो, खाडीचं उथळ पाणी आहे, भरती असेल तर मस्त. डोलकाठी आखूड असते आणि तिच्यावर अजून एक काठी शिडासकट वर चढते, त्यामुळे उतरवल्यावर सगळ्या काठ्या होडीच्या आतच मावतात, अख्खी होडी गाडीच्या टपावर बांधून नेता येते, ट्रेलर नसला तरी अडत नाही. वारा पडला तर वल्ही आहेत, आणि मागच्या फळीवर छोटं इंजिनही बसतं. दोन्ही बाजूंना आणि पुढे हवाबंद टाक्या आहेत म्हणून उलटली तरी बुडत नाही, सरळ केल्यावर आत पाणी मात्र भरपूर राहतं आणि ते बादलीने उपसत बसावं लागतं. मुलांना शिकवायला याहून समजूतदार होडी मी तरी बघितली नाही, चूक केली तर ती आधी इशारा देते, एकदम अंगावर येत नाही. आणि लाकडाचा आवाज! हलक्या वाऱ्यात तळाच्या फळीवर पाण्याचा जो टपटप आवाज येतो तो फायबरच्या होडीत असा येत नाही, माझी मुलगी तर त्यासाठी तळाला कान लावून आडवी पडते.

तोटे पण आहेत. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, टोकदार नाही, चपटं आहे, त्यामुळे लाटा उठल्या की धाडधाड आपटते आणि पुढे बसलेला माणूस चिंब भिजतो. दोन मोठी माणसं बसली की गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्नच पडतो, एक मोठं आणि एक मूल हे माप बरोबर. डॅगरबोर्ड, म्हणजे मधल्या खाचेतून खाली सरकवायची फळी, आपटल्यावर आपोआप मागे फिरून वर येत नाही, ओहोटीला चिखलात रुतली की होडी जागच्या जागी थांबते आणि सगळा धक्का खाचेच्या सांध्याला बसतो, म्हणून उथळ पाण्यात एकाने हात त्या फळीवर ठेवायचाच.

पण हे सगळं किरकोळ आहे हो, खरा विषय कुजण्याचा. लोकांना वाटतं समुद्राचं खारं पाणी लाकूड खातं, पण असल्या किनाऱ्यावर काढून ठेवायच्या होडीला खरा धोका पावसाच्या गोड्या पाण्याचा. कुजवणारी बुरशी गोड्या ओलाव्यात वाढते, मीठ तिला फारसं मानवत नाही. आपल्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात ते उगाच नाही. इथे तर बारा महिने पाऊस, त्यामुळे ताडपत्री घट्ट आणि मधे उंच हवी, खोलगट राहिली की तिच्यात तळं साचतं आणि सगळं वजन होडीवर येतं. आणि टाक्यांची बुचं घरी आल्यावर उघडून ठेवायची, हे विसरायचं नाही, बंद टाकीत साचलेला दमट वास आला की समजायचं आतून काम सुरू झालंय.

म्हणून बघायला जाल तेव्हा वरच्या चकचकीत व्हार्निशकडे बघू नका. बुचं काढा, आत नाक घाला, टॉर्च मारा. प्लायवूडच्या कडा बघा, थर सुटलेत का. डोलकाठीच्या तारा जिथे होडीला स्क्रूने बसवल्यात तिथे, डॅगरबोर्डच्या खाचेच्या मुळाशी आणि मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने जोरात दाबा. व्हार्निशखाली काळपट डाग दिसला तर तिथे पाणी शिरलंय, पण लाकूड टणक असेल तर घाबरायचं कारण नाही. दाबल्यावर मऊ लागलं तर तेवढा तुकडा कापून नवीन मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, इपॉक्सीने, म्हणजे घट्ट धरणाऱ्या रेझिनने, बसवावा लागतो, आणि जोड सरळ कापून चालत नाही, प्लायच्या जाडीच्या साधारण आठपट लांब तिरका उतार दोन्हीकडे तासावा लागतो. करता येतं, पण एका वीकेंडचं काम नाही.

दरवर्षीची मेहनत वेगळीच. पॉलिशपेपर मारा, धूळ पुसा, व्हार्निशचा हात द्या, वाळू द्या, परत घासा, आणि हे सगळं कोरड्या आणि जरा उबदार दिवशी, थंडीत इपॉक्सी नीट धरतच नाही. इथल्या वसंत ऋतूत असे दिवस मोजके, आणि तेच दिवस होडी पाण्यात न्यायचे, हे मला दरवर्षी जड जातं. नवरा म्हणतो फायबरची घेऊ, पाईपने धुतली की झालं, आणि ज्यांना फक्त शनिवारी रेस करायचीय त्यांना मीही तेच सांगेन.

पण ज्यांच्याकडे कोरडं गॅरेज आहे, हाताने काम करायची आवड आहे आणि आठ ते बारा वर्षांची मुलं आहेत त्यांनी दुसरं काही बघू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे शोधा, तेव्हा लोकांना जागा मोकळी करायची घाई असते आणि दुरुस्तीला अख्खा हिवाळा मिळतो, फक्त इपॉक्सीचं काम गॅरेजमधे हीटर लावून करा. शिडं, सुकाणू आणि डॅगरबोर्ड तीनही बरोबर आहेत ना हे पैसे देण्याआधी मोजून घ्या, कारण हे वेगळं घ्यायला गेलात तर होडीपेक्षा महाग पडतं. आणि क्लबमधे ठेवणार असाल तर थर्ड पार्टी इन्शुरन्स आधी काढा, बहुतेक ठिकाणी त्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत.