डावऱ्या पुतण्याच्या दोन रायफली: एक फॅक्टरीची, एक बनवून घेतलेली

गेल्या डिसेंबरात आमच्या शेतात भरिताचा बेत होता. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी थापणं चाललं होतं, आणि अमेरिकेहून लग्नाला आलेल्या माझ्या पुतण्याभोवती पोरांचा घोळका जमला होता. त्यातल्या दोघांचं तिकडे जायचं ठरलंय. पुतण्याने मोबाइलवर कोलोरॅडोतल्या हरणाच्या शिकारीचे फोटो दाखवले. चुलीपाशी बसलेल्या वहिनीने तिथूनच विचारलं, "काबर मारस रे हरनले?" आणि पोरांचा प्रश्न माझ्याकडे आला: "आप्पा, तुमचं आयुष्य फौजेत हत्यारांत गेलं. लांबून हरीण मारायला दुकानातली रायफल घ्यावी का बनवून घ्यावी?" वांगी सोलता सोलता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण समाधान झालं नाही. म्हणून लिहितो.

आधी कायदा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे आणि ते तसंच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं तिकडच्या, परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात होणाऱ्या शिकारीबद्दल आहे. तिथेही एक गोष्ट आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. व्हिजिटर व्हिजावर किंवा एच-वन-बीवर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारख्या मोजक्या सवलती आहेत, त्या नीट वाचून मगच पुढचं पाऊल टाका. पुतण्याने ग्रीन कार्ड हातात आल्यावरच रायफलीचा विचार केला.

त्याच्या दोन रायफली बघितल्या तेव्हा मी स्वतः त्याच्याकडे व्हिजिटर व्हिजावर गेलो होतो, परवाना नव्हता. त्यामुळे तीन महिन्यांत दोन्ही रायफलींपैकी एकीलाही हात लावला नाही. मागे बसलो, स्पॉटिंग स्कोपला डोळा लावला आणि वही लिहिली. चोवीस वर्षं आर्मरर, म्हणजे फौजेच्या हत्यारांची देखभाल करणारा, म्हणून आधी 7.62 ची एसएलआर आणि मग इन्सास उघडली, जोडली, झिरो करून, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवून दिली. रायफल काय करते हे कागदावरच्या भोकांवरून वाचायला मला ती हातात असण्याची गरज पडत नाही.

फॅक्टरीची रायफल म्हणजे टिक्का टी3एक्स लाइट, फिनलंडमध्ये साकोच्या कारखान्यात बनणारी. पुतण्या डावरा आहे. या मॉडेलमध्ये डाव्या हाताचा बोल्ट (काडतूस भरायला मागेपुढे ओढायचा दांडा) तयार मिळतो, हे मोठं कारण. कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, 6.5 क्रीडमूर; नळीच्या आतल्या चरांना आठ इंचात एक पीळ. दुर्बिणीशिवाय वजन तीन किलोच्या आसपास. बोल्ट उचलायला 70 अंशच वळवावा लागतो, त्यामुळे हाताला दुर्बीण आडवी येत नाही. कुंदा सिंथेटिक आहे, पण धक्का झेलणारा लग टी3एक्समध्ये पोलादी केलाय आणि कंपनी शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, एक इंचाच्या आत येण्याची हमी देते. पुतण्याला ती साडेआठशे डॉलरला पडली आणि कागदपत्रं, तपासणी होऊन त्याच आठवड्यात घरी आली.

दुसरी एका कारागिराकडून बनवून घेतलेली. कॅलिबर मुद्दाम तेच ठेवलं. रेमिंग्टन 700 च्या धाटणीची, बोल्ट ज्यात चालतो ती डावरी अ‍ॅक्शन, एक एक चर कापून काढलेली स्टेनलेस नळी, कार्बन फायबरचा कुंदा, आणि अ‍ॅक्शन कुंद्यात इपॉक्सीने बसवलेली. पाच हजार दोनशे डॉलर, दुर्बीण वेगळी. सात महिन्यांत देतो म्हणाले, तेराव्या महिन्यात दिली.

बसवणं म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण पैसे खरे त्याचेच घेतात. जात्याचा खुंटा ढिला असला तर पीठ एकसारखं पडत नाही. दळणारी कितीही हुशार असो. रायफलीत अ‍ॅक्शन कुंद्यात जरा जरी हलली तरी दर गोळीनंतर ती वेगळ्या जागी बसते आणि मागच्या गोळीचा हिशेब पुढच्या गोळीला लागू पडत नाही. तपासायची रीत सोपी आहे. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून घ्यायची, नळी आणि कुंद्याच्या फटीवर बोट ठेवायचं आणि पुढचा स्क्रू हळूच सैल करायचा. बोटाला हालचाल लागली तर बैठक चुकलीय. पुतण्याने माझ्यासमोर दोन्ही रायफलींवर हे केलं. बनवून घेतलेल्या रायफलीत बोटाला काहीच लागलं नाही, केसाएवढंही नाही. फॅक्टरीच्या रायफलीत किंचित लागलं, पण आयुष्यभर मी ज्या रायफली पास केल्या त्यांच्यापेक्षा कमी. मग त्याने पाकिटातली दहाची नोट काढली, आईने निघताना ओवाळून दिलेली, आणि नळीखालून सरकवत नेली. दोन्हींत ती चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसतं तिथपर्यंत, कुठेही न अडता गेली. म्हणजे नळी मोकळी आहे, तापली तरी कुंदा तिला ढकलणार नाही.

कारागिराचं काम डोळ्यांना सुख देणारं होतं, ते मी मनापासून लिहितो. बोल्ट मागे ओढताना आवाज असा, जसा तेल घातलेल्या विहिरीच्या रहाटाचा.

आता कागदावरचं. शंभर यार्ड, टेबलावरून, तीन गोळ्यांचे पाच ग्रुप. फॅक्टरीच्या रायफलीने पहिल्या दोन प्रकारच्या काडतुसांनी दीड दीड इंच दिलं आणि पुतण्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, थांब, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. तिसऱ्या प्रकारचं काडतूस आणलं, 143 ग्रेनची शिकारीची गोळी, आणि ग्रुप 0.8 ते 1.1 इंचात आले. बनवून घेतलेली रायफल त्याच काडतुसाने 0.4 ते 0.6 मध्ये. निम्मा फरक. इथे थांबलो असतो तर मीही म्हणालो असतो की घ्या बनवून.

पण टेबलावरून हरीण मारत नाहीत. म्हणून चारशे यार्डांवर आठ इंचाची लोखंडी थाळी टांगली. हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ ते दहा इंचाची असते, म्हणून आठ. पुतण्याला डोंगराच्या उतारावर, जाड जॅकेट घालून, पाठपिशवीवर रायफल टेकवून बसवलं. दहा दहा गोळ्या. फॅक्टरीच्या सात लागल्या, बनवलेलीच्या आठ.

हे का झालं ते वहीत मांडून ठेवलंय. शंभर यार्डांवरचा एक इंच चारशेवर चार इंच होतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन दोन. अर्ध्या इंचाची रायफल तिथे एक एक इंच सांडते. दोघींतला फरक एका बाजूला एक इंच. आणि वारा? ताशी दहा मैलांचा आडवा वारा ही गोळी चारशे यार्डांवर नऊ-दहा इंच सरकवतो. पुतण्याने दहाचा वारा पाच समजला की चूक पाच इंचांची झाली. त्या पाच इंचांवर कोणत्याही कारागिराकडे औषध नाही. गोळीच्या पडण्याचंही तेच. दोनशे यार्डांवर झिरो केली तर ती चारशेवर सुमारे पावणेदोन फूट खाली येते, पाचशेवर साडेतीन फूट. चारशेऐवजी साडेचारशे धरलं तर गोळी वरून जाईल. अंतर लेझरने मोजायचं, अंदाजाने नाही. कोलोरॅडोच्या उंचीवर हवा विरळ असल्याने पड आणि सरक दोन्ही थोडी कमी भरतात, तेवढं मात्र तिथेच गोळी चालवून स्वतःच्या वहीत उतरवायला हवं. काडतुसांच्या डब्यावरचा तक्ता समुद्रसपाटीचा असतो.

मग आम्ही तिसरी परीक्षा घेतली, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. थंड नळीची पहिली गोळी. रोज सकाळी एक, एकाच कागदावर, बारा सकाळी. शिकारीत तीच एक गोळी असते, आणि मागून दुरुस्ती करायला जनावर थांबत नाही. फॅक्टरीच्या रायफलीच्या बाराही गोळ्या दीड इंचात बसल्या. पातळ नळी पाच-सहा गोळ्यांनंतर तापते आणि ग्रुप पसरतो, हे कोणत्याही हलक्या शिकारी रायफलीचं असतं; पण थंड असताना ती रोज त्याच जागी जात होती. तो कागद मी सोबत घेऊन आलोय.

बनवून घेतलेल्या रायफलीचं खरं मोल मला दुसरीकडे दिसलं. पुतण्या पाच फूट चार इंच. फॅक्टरीचे कुंदे सरासरी माणसाच्या मापाचे असतात, ट्रिगरपासून मागच्या पॅडपर्यंत साडेतेरा इंचांच्या वर. थंडीत जाड जॅकेट चढवलं की ते माप त्याला लांब पडायचं. मान पुढे ताणली जायची आणि दुर्बिणीत काळी कडा यायची. कारागिराने त्याच्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेऊन कुंदा पावणेतेराचा केला, गालाची उंचीही जुळवली. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि उघडायचे. चित्र दुर्बिणीत मधोमध. ते बघून मला फार बरं वाटलं. फौजेत मी लहान चणीच्या जवानांना मोठ्या कुंद्याशी झगडताना वर्षानुवर्षं बघितलंय.

तरी त्यालाही उपाय निघाला. गालाची उंची आम्ही घरीच साधली. माझ्या बायकोने पाठवलेल्या गोधडीचा एक कोपरा कापून चौघडी केली, पुतण्याने ती पट्ट्याने कुंद्यावर बांधली, आणि मी मागे बसून त्याचा डोळा कुठे येतो ते सांगत राहिलो. एकेक घडी कमी-जास्त करत अर्ध्या तासात बसलं. लांबीसाठी तिथल्या दुकानदाराने मागचं पॅड काढून कुंदा पाऊण इंच कापून दिला, साठ डॉलर.

मग ती गोष्ट घडली, जिच्यामुळे माझं मत पक्कं झालं. हंगामाला तीन आठवडे असताना बनवून घेतलेली रायफल अडायला लागली. मॅगझिनमधलं तिसरं काडतूस वर येताना त्याचं टोक चेंबरच्या तोंडाला धडकायचं आणि बोल्ट अर्ध्यावर थांबायचा. प्रत्येक वेळी नाही, चार-पाच वेळांतून एकदा. हे जास्त वाईट, कारण विश्वास उडतो. कारागीर सज्जन निघाला, लगेच परत पाठवा म्हणाला, पण पाठवणं, दुरुस्ती, परत येणं यात पाच आठवडे गेले. एका माणसाने बनवलेली वस्तू दुरुस्तही त्याच माणसाने करायची. फॅक्टरीच्या हजारो रायफली त्याच मॅगझिनने लोक वापरत असतात, खोड असली तर आधीच कुणालातरी सापडलेली असते आणि सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

म्हणून पुतण्या ऑक्टोबरच्या शेवटी फॅक्टरीची रायफल घेऊन डोंगरात गेला. मी मागे, भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घालून. तिकडे रायफलीच्या हंगामात शिकाऱ्याला 500 चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर लागतो. दुसऱ्या सकाळी समोरच्या उतारावर मोठ्या कानांचा म्यूल डिअर नर दिसला. लेझरने 460 यार्ड. खालच्या घळीत गवत एकीकडे झुकलेलं, वरच्या धारेवर दुसरीकडे. पुतण्याने बराच वेळ नेम धरला, मग बोट बाहेर काढलं आणि सेफ्टी लावली. "आप्पा, वारा समजत नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हरीण धार ओलांडून गेलं.

त्याच दिवशी उन्हं उतरताना दुसरा नर 210 यार्डांवर आडवा उभा राहिला. एक गोळी. तीसेक पावलं गेला आणि बसला तो उठला नाही. मांस आम्ही दोन फेऱ्यांत पाठीवर आणलं, मानेतल्या गाठी हरणांत पसरणाऱ्या रोगाच्या तपासणीला दिल्या, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरला ठेवलं. वहिनीला मी हेच सांगितलं की मारायचंच असेल तर त्याला कळायच्या आत, आणि नाही जमणार तर बोट बाहेर. ती काही बोलली नाही. भाकरी ताटात वाढली.

तर पोरांनो, साडेआठशेची रायफल घ्या. चांगली दुर्बीण आणि लेझर घ्या. बनवून घेण्यात जे चार हजार जास्त गेले असते, त्यातले हजार काडतुसांवर घाला आणि वर्षभर दर रविवारी उतारावर बसून, वाऱ्यात, चालवा. 6.5 क्रीडमूरची नळी दोन-तीन हजार गोळ्या सहज टिकते, जपून ठेवायची गरज नाही. बनवून घ्यायची असेल तर दोन कारणांसाठी घ्या. एक, तुमचं अंग फॅक्टरीच्या मापात बसतच नसेल आणि कापूनही जमत नसेल. दोन, तुम्ही वर्षभरात इतकं चालवलंय की चुकलेली गोळी तुमची की रायफलीची हे तुम्हाला नक्की सांगता येतं. आणि घेतलीत तर हंगामाच्या सहा महिने आधी हातात पडेल असं बघा, शंभर काडतुसं मॅगझिनमधून भरूनच चालवा, एक एक हाताने घालून नाही.

पुतण्याची रायफल दुरुस्त होऊन आलीय. आता अडत नाही म्हणतो. येत्या ऑक्टोबरला कोणती नेणार विचारलं तर म्हणाला, दोन्हींच्या बारा बारा थंड गोळ्यांचे कागद पाठवतो, तुम्ही सांगा. कागद अजून आले नाहीत.