बालेवाडीत शिकलेला हात, अमेरिकेतलं स्टील: पॉइंट टू-टूचं कोणतं पिस्तूल घ्यावं?

बालेवाडीच्या रेंजवर २५ मीटर पिस्तूल शिकलेलं कुणी अमेरिकेत स्थायिक होतं, तिथे एखादी स्टील चॅलेंजची, म्हणजे पोलादी प्लेट वेगाने टिपण्याची मॅच बघतं, हात शिवशिवायला लागतात आणि पुण्यात फोन येतो: कोणतं पिस्तूल घेऊ? राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण जिंकलं, तोच प्रकार कायम डोळ्यांसमोर असल्यामुळे पहिलं नाव निघतं ते आपल्या २५ मीटरमधल्या पार्डिनी पिस्तुलाचं. मी स्पष्टच सांगते, स्टीलसाठी पार्डिनी घेऊ नका.

त्याआधी व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न सोपा आहे. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल, तर तिथला केंद्रीय कायदा बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई करतो. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. राज्याराज्याचे नियम आणखी वेगळे. वकिलाशी बोलल्याशिवाय एक डॉलरही भरू नका.

आता खेळ. एका स्टेजवर पाच प्लेट. बझर वाजला की चार प्लेट मारायच्या आणि शेवटी स्टॉप प्लेट, तिच्यावर गोळी लागली की वेळ थांबली. चुकलेल्या प्रत्येक प्लेटचे ३ सेकंद दंड. बहुतेक स्टेजवर हे पाच वेळा करायचं, सगळ्यात वाईट वेळ सोडून द्यायची आणि बाकी चारची बेरीज. रिमफायरला, म्हणजे आपल्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) गोळीच्या पिस्तुलाला, होल्स्टर नसतं. १० फुटांवरच्या खुणेकडे पिस्तूल रोखून उभं राहायचं. २५ मीटरच्या रॅपिड फायर फेरीत हात ४५ अंशांवर धरून थांबलेल्यांना ही सुरुवात लगेच जमते.

पण तेवढंच साम्य. पार्डिनी एसपी किंवा वॉल्थर एसएसपी ही आपल्या खेळातली अप्रतिम पिस्तुलं आहेत, त्यात वाद नाही. मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, नळी हाताच्या अगदी लगत, त्यामुळे गोळी सुटली तरी नळीचं तोंड फारसं उडत नाही. मात्र ती एका हातासाठी घडवलेली आहेत. लाकडी ग्रिपखालची ती तळहाताला टेकणारी फळी आपण घट्ट बसवून घेतो ना, तिच्यामुळे दुसरा हात नीट लागतच नाही. स्टीलमध्ये सगळे दोन्ही हातांनी मारतात. शिवाय आपली सिरीज पाचची, म्हणून मॅगझिनही पाचच्या हिशेबाचं. इथे प्लेटही पाच. एक चुकली की भरपाईला सहावी गोळी नाही. ‘स्मोक अँड होप’ ही मोठ्या प्लेटची स्टेज चांगले नेमबाज दोन सेकंदांच्या आसपास संपवतात. तिथे तीन सेकंदांचा दंड म्हणजे सगळं मुसळ केरात.

मग उरतात चार नावं, आणि माझा कौल रूगर मार्क फोर २२/४५ लाइटला आहे. त्याचं वजन साधारण ७०० ग्रॅम. २५ मीटरला पुढे जड असलेलं पिस्तूल हात स्थिर ठेवतं, म्हणून आपल्याला वजन आवडतं. स्टीलमध्ये नळी एका प्लेटवरून झटकन निघून पुढच्या प्लेटवर जागच्या जागी थांबायला हवी, आणि जड तोंड तिथे थांबत नाही, पुढे निसटतं. लाइटचं तोंड थांबतं. मागच्या बाजूचं एक बटण दाबलं की अख्खा वरचा भाग बिजागरीवर उघडतो, नळी मागून साफ करता येते. आधीचं मॉडेल मार्क थ्री पुन्हा जोडताना ज्यांनी घाम गाळलाय त्यांनाच याची किंमत कळेल. एक खोड आहे: मॅगझिन आत नसेल तर ट्रिगर चालत नाही. आपला निम्मा सराव ड्रायचा, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचा, तेव्हा रिकामं मॅगझिन लावूनच ड्राय करायचं. सेकंडहँड मार्क फोर मिळत असेल तर सिरीयल नंबर बघा. ४०१ किंवा डब्ल्यूबीआरने सुरू होणारी, १ जून २०१७च्या आधी बनलेली पिस्तुलं सेफ्टीच्या दोषामुळे कंपनीने परत बोलावली होती. दुरुस्ती झाली आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी स्टेनलेस स्टीलचं आणि जवळपास किलोभर. रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवायची पट्टी पेटीतच येते, स्क्रू काढून नळी बदलता येते. मूळ नळीवर मला ते स्टीलसाठी मंद वाटतं. हलकी नळी नंतर घ्यायची तयारी असेल तर मात्र विचार करावा असं आहे.

ब्राउनिंग बक मार्कचा ट्रिगर या चौघांत मला सर्वांत आवडतो. रेड डॉट न लावता, साध्या साइटवर आयर्न डिव्हिजनमध्ये उतरायचं असेल तर मी हेच घेईन. फ्रंट साइट बघायचं आपलं शिक्षण इथे शंभर टक्के कामी येतं. ‘पेंड्युलम’ या स्टेजमध्ये १८ यार्डांवर १० इंची प्लेट असते, तिथे स्वच्छ ट्रिगर फार उपयोगी पडतो. पण साफसफाईसाठी खोलायचं तर वरची पट्टी स्क्रू काढून उतरवावी लागते, आणि मागची साइट त्याच पट्टीवर. परत बसवल्यावर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, हे तपासणं आलं. स्क्रूला थ्रेडलॉकर (आटे पक्के धरणारा गोंद) लावा, नाहीतर ते ढिले पडतात.

बजेट आवळलेलं असेल तर टॉरस टीएक्स २२ काँपिटिशन. रेड डॉट नळीवर बसतो, स्लाइडबरोबर मागेपुढे नाचत नाही, ही त्याची जमेची बाजू.

दुकानात चारही हातात घेऊन बघा. डोळे मिटून पिस्तूल उचला, डोळे उघडा. डॉट समोर दिसला तर ग्रिपचा कोन तुमचा. शोधावा लागला तर नाव कितीही मोठं असो, खाली ठेवा.

गोळ्यांचं वेगळं सांगायला हवं. रिमफायरचा पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला नसेल तर गोळी फुसकी निघते. स्वस्त मोठ्या डब्यांत हे जास्त घडतं. सीसीआय मिनी-मॅगवर (४० ग्रेन वजनाची गोळी, वेग १२३५ फूट प्रति सेकंद) माझा भरवसा आहे. त्यांचंच स्टँडर्ड १०७० फुटांचं. डॉट कमी उडतो, पण प्रत्येक पिस्तुलात बोल्ट (गोळी सुटल्यावर मागे सरकणारा भाग) पूर्ण मागे येईलच असं नाही. दोन्ही मारून बघा, जी अडकत नाही तिच्याच पेट्या भरा. मॅगझिन मात्र किमान पाच हवीत, कारण एका स्टेजला पाच वेळा मारायचं असतं आणि मधे एकेक गोळी भरत बसायला रेंज ऑफिसर थांबत नाही.