टप्प्याचा हिशेब आणि विमानाचं तिकीट: सिंगापूरच्या क्रूझसाठी गूगल फ्लाइट्स वापरून पाहिलं

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, सातारा डेपोला. भाडं म्हटलं की माझ्या डोक्यात आधी टप्पा येतो. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याला ठरलेला दर; टप्पे मोजायचे आणि तिकीट फाडायचं. हातात लाकडी ट्रे आणि पंच होता तेव्हा हेच, मशीन आलं तेव्हाही हेच. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे 10 रुपये 5 पैसे झाले. कुणाला महाग वाटो, कुणाला स्वस्त, पण सवलतीचं तिकीट सोडलं तर कराडच्या माणसाला आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला दर एकच.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना जहाजाची सहल द्यायची ठरवली. समोर दोन पर्याय होते. डिसेंबरात कोचीहून लक्षद्वीपला जाणारं जहाज, नाहीतर सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणारं. गावातल्या एका एजंटाकडे गेलो तर तो म्हणाला, "काका, कोची जवळ आहे, विमान स्वस्त पडेल. कशाला परदेशाचा व्याप?" मला ते पटलं. जवळचं स्वस्त, लांबचं महाग, यात शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

संध्याकाळी मुलाने गूगल फ्लाइट्स, म्हणजे सगळ्या विमानांची भाडी एकत्र दाखवणारी गूगलची साइट, उघडलं. तारीख टाकली शुक्रवार, 19 डिसेंबर. मुंबई ते कोची, एका माणसाचं एका बाजूचं तिकीट 14,200 रुपये. त्याच दिवशी मुंबई ते सिंगापूर, न थांबता जाणारं, 15,800. मी कागद घेतला. मुंबई–कोची हवेतून साधारण 1,060 किलोमीटर, म्हणजे 177 टप्पे. टप्प्याला ऐंशी रुपये. सिंगापूर 3,900 किलोमीटर, म्हणजे साडेसहाशे टप्पे. टप्प्याला चोवीस रुपये! कागद हिला दाखवला. ती म्हणाली, "अहो, पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. तेच आलं.

यामागचं कारण मी नंतर खोदून काढलं, कारण त्याशिवाय मला चैन पडलं नसतं. विमानाचं इंधन सगळ्यात वेगाने जळतं ते वर चढताना. उतरण्याचं, उभं राहण्याचं, विमानतळाचं भाडं पुढे किती किलोमीटर जायचं ते बघत नाही. म्हणजे जवळच्या प्रवासाला किलोमीटरमागे खर्च मुळातच जास्त. त्यात देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाच्या इंधनावर राज्यं व्हॅट लावतात, परदेशी जाणाऱ्याला तो लागत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गर्दी. नाताळाला मुंबईतला केरळी माणूस घरी जातोच जातो. त्याला जायचंच आहे हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. एका विमानातल्या एकसारख्या खुर्च्या त्यांनी आठ-दहा दरांच्या गठ्ठ्यांत वाटून ठेवलेल्या असतात. स्वस्त गठ्ठा संपला की पुढचा उघडतो. भाडं अंतराचं नसतं, त्या दिवशी त्या गावाला किती जणांना जायचंय त्याचं असतं.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. अमेरिकेत 1978 पर्यंत सरकारी मंडळ विमानभाडं ठरवायचं आणि त्यात मैलांचं सूत्र होतं. त्या साली कायद्याने ते मोकळं केलं. आपल्याकडेही कोरोनात, मे 2020 पासून 31 ऑगस्ट 2022 पर्यंत, सरकारने उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट पाडून कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाडं बांधून दिलं होतं. तेवढे दिवस विमानालाही टप्पा होता म्हणायचा.

आता गूगल फ्लाइट्सबद्दल. क्रूझला जाणाऱ्यासाठी ते फार कामाचं आहे, आणि सगळ्यात कामाचा आहे तो तारखांचा तक्ता. आडव्या रांगेत जायची तारीख, उभ्या रांगेत यायची, आणि प्रत्येक चौकोनात भाडं. आम्ही जहाजाची तारीख आधी न ठरवता हा तक्ता आधी पाहिला. 20 जानेवारीच्या मंगळवारी सिंगापूरला जायचं भाडं 13,900 वर आलं. जहाजं जानेवारीतही सुटतात आणि चिनी नववर्षाच्या गर्दीला अजून वेळ होता. एजंट बंदर धरून बसला होता. आम्ही तारीख धरली आणि बंदर त्यामागे गेलं. माझा सल्ला विचाराल तर हाच क्रम ठेवा.

दुसरी सोय म्हणजे भावावर लक्ष ठेवायचं बटण. ते दाबलं की भाडं हललं की मेल येतो. मी वहीत लिहून ठेवत होतो: 13,900, मग 12,700, मग 13,100, मग नोव्हेंबरात एके सकाळी 11,300. वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायची सवय आहे, वहीशिवाय मला काही खरं वाटत नाही.

त्या सकाळचीच गोष्ट नीट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. एक प्रवासी टाकला तर 11,300 दिसत होते. दोन प्रवासी टाकले की माणशी 12,450. मी मुलाला म्हटलं, मशीन चुकतंय. चुकत नव्हतं. स्वस्त गठ्ठ्यात एकच खुर्ची शिल्लक होती, आणि दोघांचं तिकीट एकत्र मागितलं की दोघांनाही पुढच्या गठ्ठ्याचा दर लागतो. मग आम्ही विमान कंपनीच्या साइटवर जाऊन हिचं वेगळं काढलं 11,300 ला, माझं वेगळं 12,450 ला. अकराशे पन्नास रुपये वाचले. तिकिटं वेगळी असली तरी जागा शेजारी मिळाल्या. यायच्या तिकिटाचा दर मात्र 13,650. जेवढे टप्पे गेलो तेवढेच परत यायचे, तरी!

काही गोष्टी या तक्त्यात दिसत नाहीत, त्या आपण बघायच्या. सामानाचं वजन कंपनीच्या पानावर जाऊन तपासा. काही दर फक्त हातातल्या बॅगेचे असतात. मध्ये एका गावी उतरून जाणारं विमान आमच्या तिकिटापेक्षा सतराशेने स्वस्त होतं, आणि अंतर मात्र जास्त! हिचे गुडघे दुखतात, म्हणून सरळ जाणारंच घेतलं. आणि एजंटाने नंतर सिंगापूरचंही पॅकेज काढलं होतं, त्यात रात्रीचं विमान होतं, जहाज सुटायच्या दिवशीच सकाळी पोचणारं. तीन हजार वाचत होते. मी सरळ नाही म्हटलं. आम्ही मुक्कामी गाडी दहा मिनिटं थांबवली आहे बाजारहून येणाऱ्या बाईसाठी, पण जहाज थांबत नाही. सुटायच्या तास-दीड तास आधी आत घेणं बंद होतं, आणि विमान उशिरा आलं हे कारण तिथे चालत नाही. एक दिवस आधी पोचा. हॉटेलची रात्र भाड्यातच धरा, म्हणजे हिशेब खरा होईल. व्हिसासुद्धा सिंगापूरचा अनेक वेळा आत येता येईल असाच हवा, कारण जहाज पेनांगहून-फुकेतहून परतलं की तुम्ही दुसऱ्यांदा सिंगापुरात शिरता.

विमानात माझ्या पलीकडे नाशिकचे एक गृहस्थ होते, कामासाठी निघालेले. बोलता बोलता तिकिटाचं निघालं. त्यांनी चार दिवस आधी काढलं होतं, 19,600 ला. एक रांग, तीन खुर्च्या, तीन दर. तेच जेवण, तेच पाणी, उतरायचं गाव तेच. ते शांतपणे म्हणाले, "असंच असतं." मला मात्र बराच वेळ काही बोलता आलं नाही. एकतीस वर्षांत मी एका थांब्याच्या एकसारख्या तिकिटाला दोन माणसांकडून दोन वेगळे दर कधी घेतले नाहीत. घेतले असते तर मार्ग तपासणी पथकाने मला तिथेच खाली उतरवलं असतं. कंपनीचा धंदा मला कळतो, स्वस्त खुर्ची त्याच धंद्यामुळे मला मिळाली हेही कळतं. तरी तिकिटावर निदान किलोमीटर आणि किलोमीटरमागचा दर छापावा असं मला मनापासून वाटतं. ज्याला घाई आहे, ज्याच्या घरी कुणी आजारी आहे, त्याला आपण काय मोजतोय ते दिसायला तरी हवं.

गूगल फ्लाइट्सला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण याच किलोमीटरच्या दरासाठी राखून ठेवला.

जहाजाबद्दल थोडक्यात: पेनांग आवडलं, शाकाहारी जेवण भरपूर, आणि पहाटे डेकवर आम्ही दोघंच असायचो.

परतीच्या दिवशी जहाज पहाटेच लागलं, पण बाहेर पडायला नऊ वाजले. म्हणून संध्याकाळचं विमान घेतलं होतं, ते बरं केलं. टॅक्सी न करता मरीना साउथ पिअरच्या स्टेशनवर गेलो आणि मेट्रोने चांगी विमानतळ गाठला. आत शिरताना कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं, मधे जेवढं अंतर झालं तेवढंच भाडं कापलं जातं. दोन डॉलरच्या थोडं वर गेलं. शेजारी एक शाळकरी मुलगा उभा होता, त्याला विचारलं, मधल्या स्टेशनला उतरलो असतो तर? तो म्हणाला, कमी लागलं असतं. मी हिला सांगितलं, इथे टप्पा आहे. तिने कार्ड पर्समध्ये जपून ठेवलं.