माला-एन की छाया?

सरकारी आरोग्य केंद्रात गर्भनिरोधक गोळ्यांची ही दोन्ही पाकिटं फुकट मिळतात, पण काम अगदी वेगळं.

माला-एन रोजची. २८ गोळ्यांपैकी २१ हार्मोनच्या, उरलेल्या ७ नुसत्या लोहाच्या. त्या दिवसांत पाळी येते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन मिळून बीजांड बाहेर पडूच देत नाहीत, शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्राव घट्ट होतो. पाळी घड्याळासारखी, रक्तस्राव कमी. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, मग दोन एकाच दिवशी झाल्या तरी चालतं. सलग दोन राहिल्या तर मात्र पुढचे ७ दिवस कंडोम हवाच. पस्तिशीनंतर तंबाखू ओढणाऱ्या, रक्तदाब असलेल्या, डोळ्यांपुढे वीज चमकून अर्धशिशी उठणाऱ्या किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईनं हिच्या वाटेला जाऊ नये. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हिचा भरवसा नाही.

छाया लखनौच्या संशोधन संस्थेतली, हार्मोनविरहित. पहिले ३ महिने ठरलेल्या वारी आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. बीजांड तयार होतं, पण गर्भाशयाचं अस्तर फळलेलं बीजांड रुजू देत नाही. काहींची पाळी लांबते, आणि तिथेच बायका घाबरतात. अंगावर पाजणारीला छाया चालते. माला-एन बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत नको. पीसीओडी (अंडाशयात गाठी होण्याचा त्रास) किंवा कावीळ असेल तर छायाही नको.

विसरभोळीला छाया सोपी वाटते खरी. पण मला विचाराल तर रोजच्या गोळीची सवय लागते, ठरलेल्या वाराच्या गोळीत मात्र ‘आज बुधवार होता का?’ हेच विसरलं जातं.