‘विमा आमच्यातर्फे’ म्हणाले, तर आधी जुनी पॉलिसी मागा

जुनी गाडी विकणारा ‘वर्षभराचा विमा आमच्यातर्फे, तुम्ही एक रुपया देऊ नका’ म्हणाला, की तिथेच थांबा आणि गाडीची आधीची पॉलिसी मागा. ती हातात पडेपर्यंत टोकनही देऊ नका. आमची फसवणूक झाली ती या एका कागदाच्या आड. ठाण्यात आणि नवी मुंबईत जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही शोधणारी कितीतरी कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो आहे.

आम्ही मानपाड्याला राहतो. आईचे गुडघे गेलेत, खाली वाकून गाडीत बसणं तिला जमत नाही. सोसायटीतलं पार्किंग अरुंद. म्हणून चार मीटरच्या आतली, पण बैठक उंच असलेली गाडी हवी होती. मारुतीची व्हिटारा ब्रेझा ३,९९५ मिलिमीटरची. त्यातही डिझेल हवी होती, कारण कोकणात जाणं-येणं बरंच. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर २०२० मध्ये मारुतीने डिझेल इंजिनं बंद केली, त्यामुळे चांगली डिझेल ब्रेझा दिसली की घेणारे लगेच पुढे होतात. विकणाऱ्यांना ही घाई पक्की ठाऊक असते.

तुर्भ्याच्या बाजूला एका यार्डात २०१८ ची गाडी मिळाली. एमएच-०४ पासिंग, पहिलाच मालक, रनिंग ४८ हजार. ६ लाख ४० हजारांना ठरली. ओळखीच्या गॅरेजवाल्या मामांना सोबत नेलं होतं. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला, गाडी पाम बीच रोडला फिरवून आणली. सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला : आरसी ॲक्टिव्ह, कर्ज नाही, चलान नाही. आधीची पॉलिसी मागितली तेव्हा यार्डवाला म्हणाला, ‘दादा, ती संपली. नवीन आम्हीच काढून देतो, कशाला त्रास?’ त्याच बैठकीत मालकी बदलाचे फॉर्म २९, फॉर्म ३० आणि डिलिव्हरी नोट सह्यांसाठी पुढे आली.

पहिला पाऊस लागला आणि गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. एसी लावला की कुबट वास. मग हेडलाइटच्या काचेत आतून पाणी. आणि एका संध्याकाळी घोडबंदर रोडवर, गायमुख घाटाच्या उतारावर, पॉवर स्टिअरिंग गेलं. मागे कंटेनर, शेजारी आई. चाक दोन्ही हातांनी ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. आई काही बोलली नाही, पण तिच्या हाताची पकड मला अजून आठवते.

टोईंग करून गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे चेसिस नंबर टाकल्याबरोबर संगणकावर जुना इतिहास आला. शेवटची नोंद जुलै २०२१ ची, रत्नागिरी जिल्ह्यातली : ‘पुराचं पाणी, डॅशबोर्डपर्यंत.’ त्या वेळचं रनिंग ७१ हजार. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी तिथे होती. ठाण्याचा मालक गावी गेला होता.

त्या मालकाशी आरसीवरच्या पत्त्यावरून गाठ पडली. भला माणूस. त्याने विमा कंपनीची कागदपत्रं काढून दाखवली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. त्याला पैसे मिळाले, गाडी सॅल्व्हेज, म्हणजे भंगार म्हणून लिलावात गेली. त्याने फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विषय संपला असं समजला. पण नोंदणी कुणी रद्द केली नाही, नावही बदललं नाही. म्हणून पोर्टलवर आरसी ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘पहिला मालक’ दोन्ही खरंच होतं. बुडालेल्या गाडीचा ठिपका वाहन पोर्टलवर पडत नाही. (गाडी विकणाऱ्यांनीही हे ऐकावं : नाव बदललं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय.)

आता त्या दडवलेल्या पॉलिसीकडे येतो. २०२१ नंतर या गाडीचा विमाच नव्हता. चांगल्या राखलेल्या गाडीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट दिसते, २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत. तो शून्य असेल तर बहुधा क्लेम झालाय किंवा विम्यात खंड पडलाय, आणि त्याचं कारण विचारायला हवं. बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही. पण त्या आकड्यातून गाडीची हकीकत कळते. जुनी पॉलिसी समोर आली असती, तर तीन वर्षांची पोकळी कुणालाही दिसली असती. म्हणून तर विमा ‘फुकट’ होता.

सर्वात चीड येते ती एअरबॅगची. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. आमच्या गाडीत तो तसाच लागायचा आणि विझायचा. स्कॅनर लावला तर एअरबॅगचं कंट्रोल युनिट उत्तरच देईना. ते बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, तळाला असतं. पाण्यात ते लवकर जातं. कारागिराने दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवली होती, म्हणजे बघणाऱ्याला सगळं ठीक वाटावं. ज्या सीटवर आई बसायची, तिच्यासमोर कुलपासारखी बंद पडलेली एअरबॅग होती. वायर जोडणाऱ्याला हे ठाऊक होतं. किलोमीटर मागे फिरवणं हा पैशाचा गुन्हा आहे. एअरबॅगचा दिवा फसवणं हा मात्र जिवाशी खेळ आहे, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

म्हणून साधा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) पुरेसा समजू नका, स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एअरबॅग आणि एबीएस (ब्रेकची यंत्रणा) वाचणारा स्कॅनर असलेला माणूस न्या, त्याचे पैसे द्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी मातीचा डाग धुतला तरी राहतो. सीटच्या रेल्सचे बोल्ट, स्टेपनीखालचा खळगा, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवरची हिरवी बुरशी बघा. सहा-सात वर्षांच्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत असेल तर ते उचलूनच बघा. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरवर हिस्टरी काढायला मालकाला सोबत यायला सांगा. यार्डवाला मालकाशी भेट घालून द्यायला टाळत असेल तर उठून या.

आणखी एक नियम बऱ्याच जणांच्या कानावर आलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर व्हावी लागते. ते अधिकारपत्र बघायला मागा. आमच्या यार्डवाल्याकडे नव्हतं, हे वकिलांनी विचारल्यावर बाहेर आलं.

तो आता डिलिव्हरी नोटमधल्या ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली’ या ओळीवर बोट ठेवतो. वकिलांचं म्हणणं, माहिती असून दडवलेल्या दोषाला ही ओळ झाकू शकत नाही. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली, पोलिस ठाण्यात अर्ज देऊन पोचपावती घेतली, आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. यार्ड नवी मुंबईत असलं तरी २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये.

मधल्या काळात एका एजंटचा फोन आला : ‘साडेतीन लाखांत उचलतो, पुराचं काही बोलू नका.’ मी नाही म्हटलं. ती गाडी पुन्हा दुसऱ्या कुणाच्या आईसाठी विकली जाणार.

ज्यांनी गाडी आधीच घेतली आहे आणि आता शंका येते आहे, त्यांनी दुरुस्तीला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल, स्कॅनचा प्रिंट आणि उघडलेल्या भागांचे फोटो काढून ठेवावेत. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि यार्डवाल्याचे व्हॉट्सॲप निरोप पुसू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.