ईएसपी३२-सी६ डेव्हलपमेंट बोर्ड: मोसंबीच्या बागेत बॅटरीवर किती टिकतो?

ईएसपी३२-सी६ म्हणजे सेन्सर जोडायला वापरतात ती वाय-फायची छोटी चिप. वाय-फाय ६ आहे म्हणून बॅटरी जास्त टिकेल, या हिशेबाने तिचा बोर्ड घेणार असाल तर जरा थांबा. अर्ध्या तासाला एकदा जमिनीचा ओलावा कळवायचा असेल, तर बचत डीप स्लीपमुळे होते, म्हणजे दोन नोंदींच्या मधे चिप जवळपास पूर्ण बंद राहते त्यामुळे. त्यासाठी वाय-फाय ४ चा जुना ईएसपी३२-सी३ सुद्धा पुरतो.

वाय-फाय ६ मधली कामाची गोष्ट म्हणजे टार्गेट वेक टाइम (टीडब्ल्यूटी). कधी जागं व्हायचं ते राऊटरशी आधीच ठरतं, मधे रेडिओ झोपतो आणि जोडणी टिकते. डीप स्लीपमध्ये मात्र जोडणीच तुटते, म्हणजे तिथे याचा उपयोग नाही. ठिबकचा व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडायचाय, म्हणजे जोडणी कायम हवी? मग सी६ घ्या. फक्त राऊटरच्या सेटिंगमध्ये टीडब्ल्यूटी आहे का ते आधी बघा, खोक्यावरच्या ‘६’ वर जाऊ नका.

आता हिशेब. डीप स्लीपमध्ये चिप ७ मायक्रोअँप घेते. दिवसाला ४८ वेळा जागी, दर वेळी ३ सेकंद, सरासरी १०० मिलिअँप धरा: दिवसाला ४ एमएएच. १८६५० या लिथियम सेलमधून २००० एमएएच मिळाले तर सव्वा वर्ष सहज.

हे झालं कागदावर. बोर्डवरचा पॉवरचा दिवा आणि रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणणारा भाग) चोवीस तास खातात. रेग्युलेटर एएमएस१११७ असेल तर तो एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास. सेल दोन आठवड्यांत बसतो. बोर्डवर करंट मोजायला दिलेला जे५ चा जंपर (काढता येणारी छोटी जोडपिन) काढून मीटर लावला की आकडा सुंदर दिसतो, पण तो नुसत्या मॉड्यूलचा, म्हणजे चिप असलेल्या छोट्या पट्टीचा! शेतात सुटं मॉड्यूल आणि एपी२११२के रेग्युलेटर लावा. एचटी७३३३ हा रेग्युलेटर झोपेत काटकसरी खरा, पण २५० मिलिअँपचाच. वाय-फायवर पाठवताना करंटचा झटका साडेतीनशे मिलिअँपपर्यंत जातो, व्होल्टेज पडतं आणि चिप रीसेट होते. ३.३ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

सगळ्यात मोठा खड्डा लाईटचा. आखाड्यावरचा राऊटर बंद पडला की उपकरण त्याला शोधत बसतं आणि वीस तासांत सेल संपतो. १० सेकंदांत जोडणी नाही झाली तर सरळ झोपवा, पुढच्या झोपेची वेळ दुप्पट करा.

डबी पांढरी घ्या, झाडाच्या सावलीत पण ओल्या पानांपासून दूर बांधा. मे महिन्याच्या उन्हात काळ्या डबीत लिथियम सेल ठेवणं म्हणजे तो भाजायलाच घालणं.